सिंगांच्या पेशी आणि त्यांच्यातला एक बिघाड

डेंग्यूचा नाहीतर चिकुनगुनियाचा व्हायरस लॅबमध्ये वाढवायचा असेल तर जगात कुठेही जा, ब्राझीलला जा, सिंगापूरला जा, पॅरिसला जा, २८ डिग्रीचा इनक्युबेटर उघडला की आत ज्या चपट्या बाटल्या आडव्या पडलेल्या असतात त्यांच्यावर बहुतेक वेळा मार्करने एकच नाव खरडलेलं असतं: सी६/३६. ह्या डासाच्या पेशी आहेत. एडिस अल्बोपिक्टस नावाचा काळा-पांढरा पट्टेवाला डास, ज्याला जग टायगर मॉस्किटो म्हणतं, त्याच्या. आणि ह्या पेशींचं माहेर पुणे आहे, सिंग नावाच्या शास्त्रज्ञांनी त्या इथे वाढवल्या, हे पुण्यातसुद्धा कुणाला फारसं माहीत नसतं. एनआयव्ही (पुण्यातली व्हायरसवर काम करणारी राष्ट्रीय संस्था) म्हटलं की आता लोकांना कोविडचे रिपोर्ट आठवतात, त्याच्या आधी स्वाइन फ्लू आठवायचा, आणि बस. म्हणून म्हटलं आज ह्यावर लिहावंच, मोठं होणार आहे पोस्ट, चहा घेऊन बसा.

थोडं मागे जाऊ. १९५२ साली आयसीएमआर आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन ह्यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं, त्याचंच १९७८ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी, म्हणजे एनआयव्ही, झालं. रॉकफेलरवाल्यांना त्या काळात एका गोष्टीचा ध्यास होता, डास, गोचीड, वाळूमाशी असल्या रक्त पिणाऱ्या किड्यांमधून माणसात आणि जनावरात येणारे व्हायरस जगभर शोधून काढायचे. ब्राझीलमध्ये बेलेम, त्रिनिदाद, जोहान्सबर्ग अशी ठिकठिकाणी केंद्रं होती, त्यातलं एक आपलं पुणे. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि माणसं तापाने पडायला लागली तेव्हा त्यामागचा व्हायरस शोधला तो ह्याच लोकांनी, तोच तो माकडताप जो आता आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आणि गोव्यात सत्तरीत दर उन्हाळ्याला लोकांची झोप उडवतो. १९६५ मध्ये नागपूरच्या चांदिपुऱ्यातल्या तापाच्या पेशंटच्या रक्तातून चांदिपुरा व्हायरस सापडला तोही इथेच. थोडक्यात, व्हायरसचा तुटवडा नव्हता. अडचण होती ते वाढवायचे कशात ही.

व्हायरस काही जेलीवर बॅक्टेरियासारखा उगवत नाही ना, त्याला जिवंत पेशी लागते. तेव्हाची वहिवाट म्हणजे उंदराची दोन-तीन दिवसांची पिल्लं घ्यायची, पेशंटच्या रक्ताचं सिरम बारीक सुईने त्यांच्या मेंदूत टोचायचं आणि रोज बघत बसायचं की पिल्लू दूध प्यायचं सोडतंय का, पाय ओढतंय का, आईने त्याला बाजूला ढकललंय का. मेलं की मेंदू काढायचा, वाटायचा, पुढच्या पिल्लाला टोचायचा. डेंग्यूचे कितीतरी नमुने ह्या प्रकारात काहीच दाखवायचे नाहीत, पेशंट तापाने फणफणलेला आणि उंदराचं पिल्लू मजेत. माकडाच्या किडनीच्या पेशी होत्या, पण त्यांचंही डेंग्यूच्या बाबतीत सगळं मनासारखं नव्हतं. मग साहजिकच कुणाच्याही मनात येईल की जो व्हायरस आयुष्याचा अर्धा भाग डासाच्या पोटात काढतो त्याला डासाचीच पेशी का देऊ नये.

मनात येणं सोपं, करणं महाकठीण. किड्यांच्या पेशी शरीराबाहेर जगवणं हे तेव्हा जवळपास अशक्य कोटीतलं काम होतं. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रेस नावाच्या माणसाने एका पतंगाच्या पेशींची पहिली कायमस्वरूपी सेल लाइन (म्हणजे बाटलीत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी) केली आणि मोठाच गाजावाजा झाला. ह्याच ग्रेसने १९६६ मध्ये एडिस इजिप्ती डासाचीही सेल लाइन केली असं जाहीर केलं, आणि ती बरीच वर्षं लोकांनी डासाची म्हणून वापरली, मग १९७२ मध्ये तपासणीत निघालं की अरे ह्या तर पतंगाच्याच पेशी आहेत! म्हणजे आधीच्या फ्लास्कमधून कधीतरी उडून ह्यात पडलेल्या. सेल कल्चर केलेल्या कुणालाही हे ऐकून हसू येणार नाही, पोटात गोळा येईल.

तर ह्या सगळ्या वातावरणात १९६७ साली ‘करंट सायन्स’मध्ये पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधल्या के. आर. पी. सिंग ह्यांचा एक पेपर आला. एकच लेखक. तीन पानं. एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती ह्या दोन डासांच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या आहेत आणि त्या टिकल्या आहेत, एवढाच मुद्दा. करंट सायन्स म्हणजे बंगळुरूहून निघणारं आपलं देशी नियतकालिक, नेचर नाही, सायन्स नाही. माझं वैयक्तिक मत सांगते, भारतातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीवशास्त्रात जे काही बाहेर गेलं आणि जगाने रोजच्या वापरात घेतलं, त्यात ही तीन पानं फार वरती आहेत, आणि तरी आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात सोडा, एमएस्सीच्या सिलॅबसमध्येही सिंग हे नाव येत नाही.

ते काम कसं असेल ह्याची थोडी कल्पना मला आहे कारण मी काही वर्षं एका लॅबमध्ये ह्याच पेशी सांभाळायचे आणि खालच्या मजल्यावर इन्सेक्टरी, म्हणजे डास पाळायची खोली, होती. एडिसची अंडी पाण्याच्या कडेला ओल्या कागदावर चिकटलेली असतात, काळी, मोहरीपेक्षाही लहान, वाळवून ठेवली तर महिनोन्‌महिने तशीच राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात (म्हणूनच तर कूलर नुसता रिकामा करून भागत नाही, घासावा लागतो, महापालिकेचा ‘कोरडा दिवस पाळा’ उगाच नसतो). अळ्या वाढवायच्या ट्रेमध्ये डॉग बिस्किट आणि यीस्टची पावडर टाकतात, त्या खोलीला एक कायमचा आंबूस ओला वास असतो, तो एप्रनला लागला की घरी आल्यावरही जात नाही. आता विचार करा, अशा ठिकाणी जन्मणाऱ्या किड्यापासून तुम्हाला असं कल्चर करायचंय ज्यात एकही बॅक्टेरिया, एकही बुरशीचा कण नको. सिंगांनी घेतल्या त्या अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या. ह्यात हुशारी अशी की अंड्याचं कवच टणक असतं, ते बाहेरून औषधाने निर्जंतुक करता येतं, आणि आतून जी अळी निघते तिने अजून घाण पाणी प्यायलेलं नसतं, तिचं पोट स्वच्छ. मग अशा पुष्कळ अळ्या गोळा करून त्यांचे बारीक तुकडे करायचे, पेशी सुट्या करायच्या आणि मित्सुहाशी आणि मारामोरोश ह्या दोघांनी किड्यांसाठीच तयार केलेल्या मिडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात), गाईच्या गर्भाचं सिरम घालून ठेवायच्या. आणि मग वाट बघायची. मुख्य काम ते, वाट बघायचं. तुकडे बरेच दिवस नुसते पडून असतात, कडेला दोन-चार पेशी चिकटतात, त्या मरतात, परत दुसऱ्या चिकटतात.

पावसाळ्यात पुण्यात सेल कल्चर करणं म्हणजे काय असतं हे ज्याने केलंय त्याला विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये एसीच्या डक्टमधून, पुठ्ठ्याच्या खोक्यावरून, तुमच्या स्वतःच्या ओल्या चपलांवरून बुरशी येते, सकाळी फ्लास्क उजेडात धरला की कोपऱ्यात एक कापसाचा पुंजका तरंगताना दिसतो आणि तो फ्लास्क गेला. आमच्या लॅबमध्ये एक काका टेक्निशियन होते, रिटायर व्हायला आलेले, त्यांनी मला ह्या पेशी शिकवल्या. पहिल्यांदा मी बाकीच्या पेशींच्या सवयीने ट्रिप्सिनची (चिकटलेल्या पेशी सोडवणाऱ्या एन्झाइमची) बाटली काढायला लागले तर म्हणाले, “अहो मॅडम, ह्यांना ट्रिप्सिन कशाला, ह्या काय माकडाच्या आहेत का. बाटलीला हाताने नीट ठोका, आपोआप सुटतात.” आणि खरंच सुटतात. माकडाच्या पेशी काचेला घट्ट चिकटतात, ह्या हलक्या हाताने धरून बसल्यासारख्या असतात, तळहाताने फ्लास्कच्या बाजूला दोन-तीन वेळा थापटलं की ढगासारख्या वर येतात. ३७ डिग्री नको, २८ चालतं, योग्य मिडियम असेल तर कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडरही नको. गरीब लॅबला परवडणाऱ्या पेशी आहेत ह्या, आणि जिथे डेंग्यू जास्त तिथे लॅब गरीबच असते, त्यामुळे त्या इतक्या पसरल्या ह्यात नवल नाही.

पुढच्या एक-दोन वर्षांत सिंग आणि त्यांचे सहकारी एस. डी. पॉल ह्यांनी ह्या पेशींत एकामागून एक व्हायरस टाकून पाहिले. अल्बोपिक्टसच्या पेशींनी कमाल केली. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल असे व्हायरस त्यात वाढले, आणि काहींनी तर पेशींचा आकार-उकार बिघडवून स्वतःची हजेरीही लावली, म्हणजे मायक्रोस्कोपखाली नुसतं बघून कळावं की व्हायरस आलाय. १९६९ मध्ये ह्या जोडीने जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये दाखवलं की डेंग्यूचा व्हायरस ह्या पेशींमध्ये आयसोलेट करता येतो, म्हणजे नमुन्यातून वेगळा काढता येतो. उंदराच्या पिल्लांची सुटका तिथून सुरू झाली. आता गंमत अशी की शहरात डेंग्यू पसरवण्यात नंबर एकचा गुन्हेगार एडिस इजिप्ती, पण त्याच्या पेशी ह्या बाबतीत मागे पडल्या आणि दुय्यम समजला जाणारा अल्बोपिक्टस पुढे गेला. अल्बोपिक्टसच्या काही पेशी पुढे इतक्या कामाच्या का ठरल्या, ह्याचा एक धागा चाळीस वर्षांनी हाताला लागला, तिकडे येते.

मधल्या काळात सिंगांच्या पेशी पुण्याबाहेर पडल्या. अमेरिकेच्या एटीसीसी ह्या पेशी-भांडारात जमा झाल्या, वेगवेगळ्या देशांतल्या लॅबमध्ये गेल्या, आणि प्रत्येक लॅबने त्यांच्यातून आपापले क्लोन निवडले. क्लोन म्हणजे एकच पेशी वेगळी काढायची आणि तिची सगळी प्रजा वाढवायची. हे करावं लागतं कारण सिंगांच्या मूळ फ्लास्कमध्ये सगळीच सरमिसळ होती, अख्ख्या अळ्या कातरल्यावर स्नायू, आतडं, नसा, काय काय आलं असेल. जपानमध्ये ओसाकाला इगाराशी ह्यांनी असे बरेच क्लोन काढले, प्रत्येकात डेंग्यू आणि चिकुनगुनिया टाकला आणि ज्यात व्हायरस सगळ्यात जोरात वाढतो तो ठेवला. तो सी६/३६. पेपर १९७८ चा आहे आणि त्याच्या नावातच ‘सिंगच्या एडिस अल्बोपिक्टस पेशी’ असं लिहिलंय, इगाराशींचा हा मोठेपणा मला फार आवडतो. पण पुढे लोक फक्त क्लोनचा नंबर लिहायला लागले, मग एटीसीसीचा कॅटलॉग नंबर, आणि सिंग गळाले.

बार्शीचं इथे सांगायलाच हवं. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती, त्याचा अभ्यास पुण्याच्याच लोकांनी केला. त्यानंतर तो भारतातून जणू गेलाच, बत्तीस वर्षं नाव नाही, आणि २००५-०६ मध्ये असा परत आला की गावच्या गावं सांधे धरून बसली. माझी आजी त्यात होती, सहा महिने तिला पोळी लाटता येत नव्हती, लाटणं हातात धरलं की मनगटातून कळ यायची. त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर ह्याच व्हायरसने हाहाकार केला होता आणि तिथल्या नमुन्यांत एक बदल सापडला, व्हायरसच्या बाहेरच्या ई१ प्रोटीनमध्ये २२६ नंबरच्या जागी अ‍ॅलानिनच्या ऐवजी व्हॅलिन. एका अमिनो अ‍ॅसिडचा फरक फक्त! पण त्या फरकाने व्हायरस अल्बोपिक्टस डासात कितीतरी सहज शिरायला लागला, आणि हा डास म्हणजे नारळीच्या बागा, रबराचे मळे, झाडांच्या ढोल्या इथला रहिवासी, त्यामुळे केरळात २००७ मध्ये तोच बदल असलेला व्हायरस दिसला तेव्हा कोडं बरंचसं सुटलं. म्हणजे साठच्या दशकात जो डास ‘हाही करून बघू’ म्हणून फ्लास्कमध्ये आला तो चाळीस वर्षांनी साथीच्या मध्यभागी उभा.

आता तो बिघाड.

डासाला चिकुनगुनिया होतो तेव्हा डासाचे सांधे दुखत नाहीत. तो व्हायरस अंगात घेऊन उरलेलं आयुष्य मजेत उडतो, चावतो, अंडी घालतो. त्याला आपल्यासारख्या अँटिबॉडीज नाहीत, मग व्हायरस त्याला खाऊन का टाकत नाही? उत्तर आहे आरएनए इंटरफिअरन्स, ज्याच्या शोधाला २००६ चं नोबेल मिळालं (ते काम गोलकृमींवरचं होतं). हे बहुतेक आर्बोव्हायरस (किड्यांमधून पसरणारे व्हायरस) आरएनएचे बनलेले असतात आणि पेशीत स्वतःची नक्कल काढताना त्यांचा आरएनए काही काळ दुपदरी होतो. निरोगी पेशीत लांबलचक दुपदरी आरएनए सहसा नसतोच, म्हणून तो दिसला की डासाच्या पेशीतलं डायसर-२ नावाचं प्रोटीन त्याला धरतं आणि विळीवर भेंडी चिरावी तसं सरसर एकसारखे तुकडे करतं, बरोबर २१ अक्षरांचे (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एकेक दुवा). मग अर्गोनॉट-२ नावाचं दुसरं प्रोटीन त्यातला एकेक तुकडा हातात घेऊन फिरतं आणि त्याच्याशी जुळणारा व्हायरसचा आरएनए दिसला की तोही कापतं. व्हायरस पूर्ण संपत नाही पण आटोक्यात राहतो. डासही जगतो, व्हायरसही जगतो, मरतो तो चावून घेणारा.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी साधारण एकाच वेळी दाखवून दिलं की सी६/३६ मध्ये ही यंत्रणा चालतच नाही. व्हायरस टाकला की जे २१ अक्षरांचे तुकडे ढिगाने दिसायला हवेत ते दिसत नाहीत. पुढे त्या पेशीचं डायसर-२ चं जीन वाचलं तेव्हा त्यात फ्रेमशिफ्ट निघाला, म्हणजे मजकूर सरकल्यामुळे पुढचं सगळं वाचन चुकतं आणि प्रोटीन अर्धवटच राहतं. विळीला पातंच नाही! आणि मजा बघा, सिंगांच्याच पेशींपासून निघालेला यू४.४ नावाचा दुसरा एक क्लोन आहे, त्यात डायसर-२ ठणठणीत आहे. आणि सी७-१० नावाचा तिसरा एक, तोही व्हायरस भरपूर वाढवतो म्हणून लोकांचा आवडता, त्याच्यातही डायसर-२ खराब, पण खराबी निराळ्या ठिकाणची. म्हणजे हा दोष पुण्याच्या मूळ मालाचा नाही. मूळ मालात धडधाकट पेशी होत्या, पुढे कुठेतरी काहींचं जीन तुटलं, आणि ‘व्हायरस ज्यात जोरात वाढतो तीच चांगली’ ह्या निकषाने माणसं निवडत गेली तेव्हा त्यांच्या हाताला आपोआप तुटक्याच लागल्या. इगाराशींना डायसर माहीत असणं शक्यच नव्हतं, १९७८ मध्ये ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून बरोबर त्याच पेशीवर बोट ठेवलं जिचा पहारेकरी मेलेला होता.

हे एकटं उदाहरण असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण व्हायरॉलॉजीतली दुसरी कामधेनू म्हणजे व्हेरो, आफ्रिकेतल्या माकडाच्या किडनीच्या पेशी, १९६२ मध्ये जपानमध्ये चिबाला केलेल्या, ज्यांच्यावर कोव्हॅक्सिनचा व्हायरस वाढवला. त्यांनाही व्हायरसविरुद्ध लढणारं इंटरफेरॉन नावाचं प्रोटीन तयार करता येत नाही, आणि जिनोम वाचल्यावर २०१४ मध्ये कळलं की इंटरफेरॉनची जीन्स जिथे असतात तो क्रोमोसोमचा लांबच्या लांब तुकडाच गायब आहे. म्हणजे आपण व्हायरसबद्दल जे शिकलो त्यातला केवढा तरी भाग प्रतिकार हरवलेल्या पेशींमध्ये बसून शिकलो. डायग्नोसिससाठी, लसीसाठी हे उत्तमच, तिथे व्हायरस वाढायलाच हवाय. पण कुणी सी६/३६ मध्ये प्रयोग करून ‘डास व्हायरसला असा प्रतिकार करतो’ म्हणून लिहिलं की माझी चिडचिड होते, अजूनही असे पेपर दिसतात. अहो, यू४.४ घ्या, इजिप्तीच्या एएजी२ पेशी घ्या, नाहीतर सरळ डासच घ्या.

बरं, तुटकी असली तरी ह्या पेशीने त्यातूनही शिकवलं. डायसर-२ नसताना त्यात चिकुनगुनिया टाकला तर २१ अक्षरांच्या ऐवजी जरा लांब, साधारण २४ ते ३० अक्षरांचे तुकडे दिसले, पी-आयआरएनए म्हणतात ते. हे तुकडे म्हणजे बीजांडातल्या जीन्सचं उड्या मारणाऱ्या डीएनएपासून रक्षण करणारी निराळीच यंत्रणा, फळमाशीवरच्या कामातून माहीत झालेली, तिचा व्हायरसशी संबंध असेल असं फारसं कुणी धरलेलं नव्हतं. डासात ती अंगभर कामाला लागलेली दिसते. एक पहारेकरी मेलेला होता म्हणून दुसरा इतका स्वच्छ नजरेला आला.

आणि इथून कीटकांच्या जेनेटिक्सची सगळ्यात भन्नाट गोष्ट सुरू होते. १९७५ मध्ये अमेरिकेत स्टोलर आणि थॉमस ह्यांनी एडिस इजिप्तीच्या एका वेगळ्या सेल लाइनचं (ही पेलेग नावाच्या संशोधकाची) वरचं पाणी घेऊन सिंगांच्या अल्बोपिक्टस पेशींवर टाकलं. इजिप्तीच्या पेशी अगदी ठणठणीत दिसत होत्या, पण सिंगांच्या पेशी एकमेकींत विरघळायला लागल्या, भिंती मोडून मोठमोठे गोळे झाले, एकात कितीतरी केंद्रकं. म्हणजे त्या पाण्यात काहीतरी होतं. त्याला नाव दिलं सेल फ्यूजिंग एजंट, डेंग्यूच्याच कुळातला पण माणसाला अजिबात न लागणारा, फक्त डासात राहणारा व्हायरस. अशा व्हायरसांची पुढे मोठी यादी झाली, हा पहिला.

मग २००४ मध्ये डासांच्या डीएनएमध्ये ह्याच कुळातल्या व्हायरसचे तुकडे सापडले. डीएनएमध्ये! ज्या व्हायरसच्या आयुष्यात डीएनए कुठल्याच टप्प्यावर येत नाही, जो आरएनएपासून आरएनए असाच वाढतो, त्याचे तुकडे डासाच्या क्रोमोसोममध्ये पक्के बसलेले आणि आईबापांकडून पिल्लांकडे जाणारे. एडिसला क्रोमोसोमच्या जोड्या तीनच, पण जिनोम अवाढव्य, सी६/३६ चा वाचला तो दोन अब्ज अक्षरांच्या वर भरला, माणसाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त, आणि त्यात उड्या मारणाऱ्या डीएनएचा नुसता बुजबुजाट. त्यांच्याच यंत्रणेने कधीकाळी व्हायरसच्या आरएनएची डीएनए नक्कल काढून मध्ये खुपसली असावी. हे नुसतं भंगार आहे की कामाचं, ह्यावर बरीच वर्षं वाद चालला. २०२० मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या गटाने क्रिस्पर ह्या जीन कापायच्या तंत्राने इजिप्ती डासातून सेल फ्यूजिंग एजंटचा असा एक जुना तुकडा कापून टाकला, आणि मग खरा व्हायरस दिल्यावर त्या डासांच्या अंडाशयात तो जास्त वाढला. म्हणजे तो तुकडा पहारा देत होता. आपल्या अंगात लसीची आठवण एका आयुष्यापुरती राहते, ह्यांच्यात ती थेट वंशपरंपरेने जाते, आणि तीही पी-आयआरएनएच्याच मार्फत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं होतं, तो ‘बरं’ म्हणून परत झोपला.

असो. कोविडच्या वेळी सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरणारा प्रश्न आठवतोय का, डास चावून कोरोना होतो का? त्याचं उत्तर द्यायलाही हीच पेशी आली. २०२० मध्ये चिनी संशोधकांनी एडिसच्या पेशींमध्ये, सी६/३६ सुद्धा, कोरोनाचा व्हायरस टाकून पाहिला आणि तो वाढला नाही. जिच्या दारावर पहारेकरीच नाही अशा पेशीतही ज्याला पाय ठेवता येत नाही तो डासात काय राहणार! अमेरिकेत तर डासांच्या छातीत थेट सुईने व्हायरस भरला, तरी नाही. तुटक्या पेशीचा ‘नाही’ हा धडधाकट पेशीच्या ‘नाही’पेक्षा वजनदार असतो.

वोल्बाकियाचं प्रकरणही ह्याच गोतावळ्यातलं आहे, फळमाशीतला हा बॅक्टेरिया, जो अंगात असला की डासात डेंग्यू नीट वाढत नाही, एडिस इजिप्तीत सोडायच्या आधी ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी त्याला काही वर्षं डासांच्या पेशींत, त्यातही अल्बोपिक्टसच्या पेशींत वाढवून डासाच्या अंगाची सवय लावली होती, तेव्हा कुठे तो टिकला. इंडोनेशियात योग्यकार्ताला असे डास सोडले तर डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या आयसीएमआरच्या केंद्राने असे डास तयार केलेत. त्यावर स्वतंत्र पोस्ट लिहीन, कारण १९७० च्या दशकात दिल्लीजवळ डासांच्या जेनेटिक कंट्रोलचा जो प्रयोग झाला आणि पार्लमेंटपर्यंत भांडण गेलं त्याच्याशिवाय ते सांगण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र मला सतत छळते. सिंगांनी अख्ख्या अळ्या कातरल्या, त्यातून इगाराशींनी एक पेशी उचलली, आणि आज तिची प्रजा जगभर आहे, तिचा जिनोम वाचून झालाय, पण ती मुळात अळीच्या कुठल्या अवयवाची होती हे ठरवायला काही खूणच उरलेली नाही. आतड्याची? रक्तातली? चामडीखालची? डेंग्यू डासात शिरतो तो आधी आतड्यात, तिथून पार होऊन शेवटी लाळग्रंथीत पोचतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची गाठ वेगळ्या स्वभावाच्या पेशींशी पडते, त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका हौशी नाही. आता डासाच्या एकेका अवयवातली एकेक पेशी सुटी वाचायची टेक्निक आलीये, कुणीतरी सी६/३६ ला त्या नकाशाशेजारी ठेवून बघायला हवं. इतक्या पिढ्या फ्लास्कमध्ये काढल्यावर ती कुणासारखीच दिसणार नाही असं माझ्या जुन्या गाइड बाई म्हणतात. मी म्हणते बघा तरी.